गुणाजी कोल्ह्याचं सिंहकूळ

मुलांनो, मांडी घालून बसा आणि चुळबुळ करू नका. एका जंगलात कोल्ह्याला कोल्हा म्हणत आणि सशाला ससा. फार मागासलेलं जंगल होतं ते.

तिथे गुणाजी नावाचा कोल्हा राहायचा. त्याची लेक शेवंता लग्नाची झाली होती. ओढ्यापलीकडच्या हणमाजी कोल्ह्याचा मुलगा रायाजी तिला पसंत होता, आणि त्याला ती. लेकीचं लग्न थाटात व्हावं, एवढीच गुणाजीची इच्छा होती. म्हणजे आधी एवढीच होती.

मग जंगलात साळिंदरभट आले. मुळं उकरणं हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात धंदा. टोपलीभर कंद दिले की ते पाठीवरचा एक काटा उपटायचे आणि सागाच्या पानावर तुमची वंशावळ लिहून द्यायचे.

गुणाजीने विचारलं, "भटजी, आमचं कूळ कोणतं?"

"तुम्हाला कोणतं हवंय?"

"लेकीचं लग्न आहे हो. जरा भारदस्त बघा."

भटजींनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. "तुमचे मूळपुरुष साक्षात सिंह! मध्ये एका दुष्काळात घराणं अंगाने आटलं, इतकंच."

गुणाजीचा ऊर भरून आला. तो बायकोला म्हणाला, "मला वाटायचंच! सिंहाचं उष्टं माझ्या घशाखाली उतरत नाही, ते उगाच नाही."

"काल तर दोनदा मागून घेतलंत," बायको म्हणाली.

त्या दिवसापासून गुणाजीने कोल्हेकुई सोडली. डरकाळी काही येईना, म्हणून तो नुसता खाकरायचा.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक कुळाचं एक झाड असतं, त्याला देवक म्हणतात. एका देवकाचे सगळे भाऊबहीण, त्यांच्यात सोयरीक होत नाही. गुणाजीकडचं देवक होतं करवंद. ते टाकून त्याने सिंहाचा पळस घेतला.

लग्नाचा दिवस उजाडला. हळद लागली. मांडवात देवक बसवायच्या वेळी गुणाजी पळसाची फांदी घेऊन मिरवत आला. समोरून हणमाजी आला. त्याच्याकडेही पळसच!

"तुमचं तर बोर होतं! तुम्ही कधीपासून सिंह?" गुणाजी ओरडला.

"साळिंदरभटांचं पान आहे आमच्याकडे."

"अहो, मागच्या महिन्यात सिंहाने तुमच्या सख्ख्या चुलत्याला खाल्लं!"

"तो आमचा घरगुती वाद आहे," हणमाजी ताठ मानेने म्हणाला.

भटजी पंगतीतून उठून आले. "दोन्हीकडे पळस? मग हे बहीणभाऊ झाले. लग्न लावणाऱ्याला पाप लागेल." एवढं सांगून ते परत पंगतीत बसले.

हळदीच्या अंगाने शेवंता बापाजवळ आली. "बाबा, आपलं करवंद आहे ना? आजीने मला त्याच जाळीत वाढवलं. एवढं बोला, की झालं."

शब्द गुणाजीच्या अगदी ओठांवर आला होता. पण मांडवभर ससे बसले होते आणि झाडून सगळ्या सशांच्या कानात पळसाचं फूल होतं. सशांपुढे आपण कोल्हा व्हायचं?

"हणमाजींनी आपलं बोर सांगावं," तो म्हणाला.

"आम्ही मुलाकडचे. आम्ही का उतरावं?" हणमाजी म्हणाला.

शेवंताने आणखी वाट पाहिली नाही. मुंडावळ्यांसकट ती रायाजीला घेऊन करवंदाच्या जाळीकडे चालू लागली. तिथे दोघांनी जाळीभोवती सात फेरे घेतले आणि ओढ्यापलीकडे संसार थाटला. भटजींनी वंशावळीतून तिचं नाव खरवडून काढलं. त्याचे कंद वेगळे पडले.

वर्षाने शेवंताला पिल्लं झाली. एका तिन्हीसांजेला ओढ्यापलीकडून त्यांची पहिली कुई ऐकू आली. बेसूर होती, पण अस्सल होती.

बायकोचे डोळे भरून आले. "अहो, नातवंडं हाक मारताहेत. एकदा तरी ओ द्या."

गुणाजीने मान वर केली, तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या बिळातून एक ससा डोकावला.

गुणाजी खाकरला.

तात्पर्य : मुलांनो, थोर पूर्वज निवडताना तो सोयऱ्यांनी आधीच घेतलेला नाही ना, याची खात्री करून घ्यावी. वाघाकडे अजून गर्दी कमी आहे.