टेपाचा अर्थ

टिकाराम गुरुजींच्या गाडीतला टेप शिटी मारू लागला, यात गुरुजींचं नुकसान काहीच नव्हतं. झाला तर नफाच होता. ज्या माणसांशी त्यांचं बोलणं 'काय, जेवण झालं?' याच्या पुढे सरकत नव्हतं, ती अड्याळची माणसं आपणहून गाडीत येऊन बसू लागली. पत्नी सत्यवतीबाई गेल्यापासून शेजारची सीट रिकामीच होती. मुलगी रक्षा पुण्याला. "बाबा, गाणी ऐकत जा, तेवढंच करमेल," म्हणून तिनंच तो टेप बसवून दिला होता. गाणी लागली, पण प्रत्येक गाण्यामागे बारीक शिटी. ॲक्सिलरेटर दाबला की शिटी चढे, सोडला की उतरे. इंजिन बंद केलं की टेप शहाण्या बाळासारखा गाई.

म्हणजे दुखणं ऐकायचं तर गाडी चालू हवी, आणि गाडी चालू आहेच तर कुठं तरी गेलेलं बरं. हा हिशेब सगळ्यांत आधी सेवकराम किराणावाल्याला उमगला.

"गुरुजी, उभ्या गाडीत रोग नाही समजत. मले पवनीहून माल आणाचा हाये. चाला, रस्त्यानं ऐकतो."

येताना 'वजनानं शिटी दबते का पाहू' म्हणून त्यानं डिकीत गुळाच्या भेल्या भरल्या. शिटी दबली नाही; गूळ मात्र दुकानात पोचला.

मग शेजारच्या शकुनबाईंनी कान दिला. त्यांना भंडाऱ्याला नणंदेकडे जायचं होतं.

"उंदीर हाये, गुरुजी. माह्या घरी कोठीत अस्साच चिरकते."

"अहो, ॲक्सिलरेटर दाबल्यावर उंदीर कशाला चिरकेल?"

"शेपटी अडकली असन त्याची! तुमी दाबता, तो वरडते. जरा हळू दाबा ना बाप्पा, जीव हाये तो!"

उंदराची दया येऊन गुरुजींनी भंडाऱ्यापर्यंत गाडी अशी नेली की मागून आलेला ट्रॅक्टर पुढं निघून गेला. त्या दिवशी घरी परतल्यावर ते एकटेच हसले, आणि हसायचा आवाज घरात किती मोठा येतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

गाड्यांचे टेप बसवणारा प्रफुल्ल भंडाऱ्यातच होता. सेवकरामला सोबत घेऊन गुरुजी त्याच्याकडेही गेले. प्रफुल्लनं डॅशबोर्डखाली मुंडकं घातलं आणि आतूनच निकाल दिला, "गुरुजी, याच्यात अर्थच नाही!"

जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. "मलाही तेच वाटत होतं," असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली. प्रफुल्ल हातात पेचकस धरून बघतच राहिला. सेवकराम चटकन शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

फेऱ्या चालू राहिल्या. मग एकदा प्रफुल्ल लग्नाच्या निमित्तानं अड्याळला आला आणि गुरुजींच्या अंगणात डोकावला.

"काय गुरुजी, अर्थ लावला का मंग?"

"जन्मभर दुसरं काय केलं, बाबा? एकेका कवितेचा आठ-आठ दिवस लावला."

"अजी, कवितेचा नाही, टेपाचा! अर्थिंग, अर्थिंग! ही काळी वायर गाडीच्या पत्र्याले भिडली पाह्यजे. बसवणाऱ्यानं रंगावरच कसून देली. मंग इंजिनाचा करंट टेपात घुसते अन् शिटी मारते."

त्यानं शेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डखाली हात घालून पत्र्यावरचा रंग खरवडला, वायर घट्ट कसली. सेवकराम दाराशी उभा राहून सगळं नीट बघत होता. शिटी गेली.

शिटीबरोबर माणसंही गेली. "सुटला बाई उंदीर एकदाचा," म्हणून शकुनबाई एसटीनं जाऊ लागल्या. सेवकरामनं आपली मोटरसायकल काढली.

"चल की पवनीला," गुरुजी म्हणायला गेले, पण तोंडातून निघालं, "काय, जेवण झालं?"

"झालं. आता ऐकाले काय राह्यलं, गुरुजी?" म्हणत त्यानं किक मारली.

गुरुजी एकटेच पवनीला निघाले. गाणं इतकं स्वच्छ वाजत होतं की गाणारीनं मध्येच घेतलेला श्वासही ऐकू आला. "बघा, श्वास घेतला," असं सांगायला ते बाजूला वळले आणि त्यांनी टेप बंद केला.

"आता करमतं ना, बाबा?" रक्षानं फोनवर विचारलं.

"आवाज एकदम साफ आहे," गुरुजींनी खरं तेवढंच सांगितलं.

शेवटी एका सकाळी पेचकस घेऊन ते गाडीत शिरले. अर्थ लावण्यात हयात गेली होती. काढायची ही पहिलीच वेळ. ढिला करण्याआधी एकदा स्वच्छ गाणं ऐकून घ्यावं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली, तर शिटी!

वाकून पाहिलं. स्क्रू आधीच ढिला होता आणि काळी वायर लोंबत होती. वायरीवर दोन बोटं उमटली होती, पिवळीजर्द. अड्याळात अंगणातल्या गाडीला कुणी कुलूप लावत नाही, आणि हळद हातानं मोजून देणारं दुकान गावात एकच आहे.

गुरुजी दुकानापुढं जाऊन उभे राहिले. सेवकराम पुड्या बांधत होता.

"शिटी वापस आली रे."

"आँ? येनच ना! त्या पोट्ट्यानं घाई केली." त्यानं दोन्ही हात धोतराला पुसले. धोतर पिवळं झालं. "नीट ऐका लागन, गुरुजी. मी पवनीलेच जाऊन राहिलो."

"मोटरसायकल?"

"चालूच नाही होऊन राहिली ना ते."

मोटरसायकल दारातच होती. नुकतीच कुठून तरी आलेली, टिक् टिक् करत थंड होत होती. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, मग धोतराकडे.

"अर्थ ढिला झाला असेल का, सेवकराम?"

 सेवकरामनं दुकानाचं फाटक ओढलं.

"अर्थ कायले पाहता आता, गुरुजी? चाला."

पेट्रोल गुरुजींचं गेलं, चिमूटभर हळद सेवकरामची. खरा भुर्दंड पडला तो त्या गाणारीला: पवनी येईपर्यंत तिच्या प्रत्येक ओळीवर शिटी वाजत होती, आणि गाडीतल्या दोघांपैकी तिचं कुणीच ऐकत नव्हतं.