शांतवनाचं भांडवल

सन दोन हजार तेवीस. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि त्या साली माझं डोकं शांतवनाच्या मालकीचं झालं.

शांतवन आमच्याच गावचा, घोडेगावच्या अलीकडं. साखर कारखान्यात वॉचमन होता, रिटायर झाला. घर देवळाला लागून, म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती देवळाला. बायको मार्था जाऊन सात वर्षं झाली, पोरगी नाशकाला नर्स. घरात हा एकटा आणि त्याचा माल.

माल म्हणजे भाव वाढायच्या आधी घेऊन ठेवलेली कुठलीही वस्तू. लोक शिल्लक पैसा बँकेत टाकतात, कोणी शेळी घेतं. शांतवन साबण घेतो. म्हणतो, "बँकंच्या व्याजानं अंगाचा मळ निघतो का?" पेपरात महागाईचं काही आलं की हा पिशवी घेऊन निघालाच. काडेपेट्या माळ्यावर, मीठ रांजणात, साबण खाटेखाली. "माल निजलेला बरा, रंगा. भाव कवाच निजत न्हाई." हे त्याचं बोलणं मला पाठ झालंय. चौथीतली एक कविता कधी पाठ झाली नाही.

एकदा चहापत्ती महागणार म्हणून त्यानं पाच किलो आणली, आणि जागा नाही म्हणून साबणाच्याच खोक्यात ठेवली. चार महिन्यांनी त्याच्याकडं चहा प्यालो, तर आंघोळ झाल्यासारखं वाटलं.

मी म्हटलं, "शांतवना, फेस कुठं गेला?"

"शेहरात असल्या वासाच्या चहाला ज्यादा पैसं देत्यात. पी गप."

पाचही किलो त्यानं आल्या-गेल्याला पाजली. त्यांच्या देवळाचे पाळकसाहेब दोनदा प्याले. तिसऱ्या वेळी त्यांचा उपास निघाला.

होळीच्या सुमाराला तो श्रीरामपूरला गेला होता. तिथं एका टोपीवाल्यानं सांगितलं, कापड महागणार, दिवाळीनंतर पांढरी टोपी या भावात दिसायची नाही. शांतवनानं अख्खं गाठोडं उचललं. टोपीवाला त्याला एसटीत बसवून द्यायला स्टँडपर्यंत आला होता म्हणे. त्यातच काय ते समजायला पाहिजे होतं.

घरी आल्यावर ह्याच्या ध्यानात आलं, की पोरं टोपी घालत नाहीत. गावात टोपीची डोकी उरलीत चौदा, सगळी सत्तरीच्या घरातली. त्यात टोपीला नंबर असतो. मग हा सुतळी घेऊन पारावर आला आणि एकेकाचं डोकं मोजायला लागला. आम्हाला वाटलं, सरकारचं काहीतरी असेल. गप बसून मोजून दिली.

माझं डोकं चोवीस नंबर. आसपासच्या पाच गावांत एवढं डोकं नाही. आमच्या घराण्याचंच आहे ते. गाठोड्यात चोवीस नंबरच्या निघाल्या दोन डझन.

"वर्साला किती टोप्या लागत्यात तुला?"

"दोन."

"म्हंजे बारा वर्सं." त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जनावराच्या बाजारात बघतात तसं. "बिडी सोड."

झालं. तेव्हापासून हा रोज सकाळी उठून आपल्या चौदा डोक्यांची पाहणी करायला लागला. "बीपीची गोळी घेतली का? तुझ्या बाविसाच्या नऊ पडून हायेत." एकाची तंबाखूची पुडी गटारात टाकली. रात्री कोणी खोकलं, की सकाळी हा दारात. लोक हसायचे, शिव्या द्यायचे, पण गोळ्या घ्यायचे. टोपी मात्र कोणाला देईना. म्हणे, दिवाळीनंतर. दिवाळी झाली, भाव चढला, तरी म्हणे, "अजून चढंल."

मी सांगून टाकलं होतं, फाटकी घालीन, पण तुझी घेणार नाही. मी कोणाचं दुकान नाही.

दिवाळीनंतरच माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. मला शुगर आहे. जखम भरेना, काळी पडायला लागली. गावातला डॉक्टर म्हणाला, आठ दिवसांत नगरला दाखवा, नाहीतर पाय जाईल, आणि मागोमाग तुम्ही. पोरगा रोज विनवायचा. मी नाही म्हणून बसलो. नगरला गेलेली माणसं तिथं काहीतरी ठेवून येतात, हे मी पाहिलंय. आलो तसा अख्खा जाईन.

शांतवन दिवसातून तीनदा यायला लागला. उंबऱ्यात उभा राहून एकच, "रंगा, दोन डझन टोप्या. तू मधीच गेलास तर माझं भांडवल बुडालं. जा नगरला."

सातव्या दिवशी माझं टाळकं फिरलं. मरायचं तर मोकळ्यानं मरावं, कोणाचं नुकसान करून नव्हे. पैसे कनवटीला लावले, काठी घेतली आणि लंगडत त्याचं घर गाठलं.

"काढ चोवीस नंबरच्या. समद्या घेतो, आजच्या भावानं. आन् उद्यापासून माझ्या दारात यायचं न्हाई."

"आज न्हाई इकायच्या."

"का?"

"चढू दे अजून."

मी कोपऱ्यातल्या लाकडी पेटीचं झाकण काठीनं उचकटलं. तो आडवा आला, पण उशिरा. आत वाळवीची माती आणि थोड्या चिंध्या.

"पावसाळ्यातच गेल्या," तो म्हणाला. "समद्या."

"म्हंजे चार-पाच महिनं तुझ्याकडं एक टोपी न्हाई?"

"न्हाई."

"मग रोज दारोदार गोळी-गोळी करीत कशाला हिंडतोस?"

तो झाकण लावत बसला. बिजागरीच सुटली होती, ते काही लागेना.

"मानूस नुसता दारात गेला, की लोक इचारत्यात, काय काम काढलं," तो म्हणाला. "मार्था गेल्यापासनं मला काय काम? टोप्या आनल्या, तवापासनं कुनी इचारलं न्हाई." मग माझ्या पायाकडं बघत म्हणाला, "तुझ्या दारात तर लई येळा येतो मी."

मी खाटेवर बसलो. बराच वेळ बसलो. त्यानंही मला विचारलं नाही, काय काम काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला नगरला न्यायला पोरगा मोटारसायकल काढत होता, त्याला म्हटलं, तू रानातलं पाणी बघ. शांतवनाला बरोबर घेतलं. तो पंच्याहत्तरीच्या वर, त्याला एसटी फुकट, म्हणून माझ्याआधी हजर. नगरची पहिली गाडी आली. पाय काही पायरीवर चढेना. कंडक्टरनं हात पुढं केला, तो मी घेतला नाही. शांतवनानं मागून कमरेला धरून मला वर ढकललं.