हवालदारांस ‘मामा’ संबोधल्याबाबत

विट्याजवळच्या एका वाडीतला बिरदेव हा सोन्याच्या गलाईचा माणूस. दूर सेलमला दुसऱ्यांचं सोनं शुद्ध करण्यात त्याची बारा वर्षं गेली आणि तेवढ्यात त्याचं लग्नाचं वयही निघून चाललं. आजवर अकरा मुलींनी, म्हणजे खरं तर अकरा बापांनी, त्याला नकार दिला होता. बारावी मुलगी माधवनगरची पल्लवी. तिच्या वडिलांनी, लालासाहेबांनी, रविवारी साडेअकराची वेळ दिली होती आणि साडेबाराला दुसरं स्थळ येणार आहे हेही बजावलं होतं. हे स्थळ जमावं असं बिरदेवला मनापासून वाटत होतं. पल्लवीशी तो फोनवर दोनदा बोलला होता आणि दोन्ही वेळा ती हसली होती.

म्हणून त्या दिवशी त्यानं कसलीच कसर ठेवली नाही. परवाना, विमा, पीयूसी, सगळं प्लास्टिकच्या पाकिटात घातलं. डोक्यावर हेल्मेट. मागं बसलेल्या चुलत्यांनी, नाथाजीतात्यांनीही, पटका पिशवीत घालून हेल्मेट चढवलं होतं. अशी मोटारसायकल आपल्याकडं क्वचित दिसते. माधवनगर चार किलोमीटरवर राहिलं असताना एका चौकात तिला अडवण्यात आलं, ते बहुधा त्यामुळंच.

हवालदार यल्लाप्पांनी कागद उलटसुलट बघितले आणि परत दिले. "समदं बरोबर हाय. जावा."

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण बिरदेवच्या मोबाइलवर महिनाभर ‘वाहनचालकांनो, जागे व्हा’ असा एक मजकूर फिरत होता. पोलिसांना विचारायचे सोळा प्रश्न. गाडीची चावी काढून घेता येते का, चाकातली हवा सोडता येते का, छातीवर नावाची पट्टी नसेल तर थांबायचं का. सेलमहून येताना रेल्वेत त्यानं सोळाच्या सोळा पाठ केले होते. इतका अभ्यास झाल्यावर परीक्षाच रद्द झाली, तर माणसाला वाईट वाटतं.

"मामा, एक इचारू का?" बिरदेव म्हणाला. "समजा, माझी कागदं नसती, तर माझ्या गाडीची चावी काढून घ्यायचा अधिकार तुमाला हाय का?"

यल्लाप्पांचा चेहरा उतरला. ते रागावले नाहीत, त्यांना दुःख झालं. "कशाला इचारलंस रं गड्या," असं म्हणून त्यांनी खिशातून वही काढली.

पोलीस प्रश्नांना उत्तरं देत नाहीत अशा तक्रारी वाढल्यामुळं त्या चौकापुरता एक नवा नियम झाला होता. रस्त्यावर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची शब्दशः नोंद घ्यायची, सक्षम अधिकाऱ्यानं त्याला लेखी उत्तर द्यायचं आणि उत्तर हातात पडेपर्यंत प्रश्नकर्त्यानं जागा सोडायची नाही. तो निघून गेला, तर उत्तर द्यायचं कुणाला? नागरिकांची सोय बघूनच हे ठरलं होतं. त्यासाठी रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये ‘वाहनचालक शंका निरसन कक्ष’ उघडण्यात आला होता. बिरदेव तिकडं निघाला, तेव्हा शेजारच्या गाड्यावर चहा पिणाऱ्या एका गृहस्थानं त्याच्या प्रश्नाचं मोबाइलवर चित्रीकरण पूर्ण केलेलं होतं.

कक्षात वीरधवल साहेब होते. तरुण, शिस्तीचे, शब्दाला शब्द लावून वाचणारे. ते चावीपर्यंत पोचलेच नाहीत. पहिल्याच शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"तुम्ही यांना मामा म्हणालात?"

"समदेच म्हणत्यात की, साहेब."

"सगळ्यांची नोंद नाही. तुमची आहे. हे तुमचे मामा असतील, तर त्यांनी भाच्याचे कागद तपासून भाच्याला सोडलं. हा पक्षपात झाला. त्यांनी दिलेला ‘जावा’ हा आदेश रद्द ठरतो."

"आवं, माझं मामा न्हाईत ते!"

"नसतील, तर कर्तव्यावरच्या कर्मचाऱ्याशी खोटं नातं जोडून सलगी करण्याचा प्रयत्न झाला. त्याचा फॉर्म वेगळा आहे."

वीरधवल साहेब वाईट माणूस नव्हते. नात्यात नसलेल्या कर्मचाऱ्यानं कागद पुन्हा तपासले, तर आक्षेप राहणार नाही, असं म्हणून ते स्वतःच उठले. तेवढ्यात नाथाजीतात्यांनी हेल्मेटच्या आतून, तिघांनाही दचकायला होईल एवढ्या मोठ्यानं विनवलं, "आवं मामा, सोडा की पोराला! सोयरिकीला निगालोय आमी!"

साहेब खाली बसले. आता तेही मामा झाले होते. दारावरच्या शिपायाला बोलावलं, तर आपल्याला भरतीच्या दिवसापासून सगळा गाव, अगदी सासरासुद्धा मामा म्हणतो, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. ज्याला आजवर कुणीही मामा म्हटलेलं नाही असा कर्मचारी उपलब्ध आहे का, अशी वायरलेसवर विचारणा झाली. पलीकडून आवाज आला, "मामा, परत एकदा बोला."

साडेअकरा वाजून गेले. पल्लवीच्या घरी आता चहाची कपबशी पालथी घालत असतील, असं बिरदेवच्या मनात आलं.

"एकच उपाय आहे," साहेब म्हणाले. "हे मामा नाहीत असं तुमच्या आईनं सांगावं. भाऊ कोण नाही, हे बहिणीलाच ठाऊक."

फोन स्पीकरवर लावला. बिरदेवच्या आईनं, पारूबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. "कोण यल्लाप्पा? गाव कुठलं म्हणायचं?"

"जतकडचं," यल्लाप्पा म्हणाले.

"आन आई कुणाची?"

यल्लाप्पांनी सांगितलं. सांगायला नको होतं. आपल्याकडच्या बाईला चार प्रश्न विचारू दिले, की पाचव्याला नातं निघतंच.

"आगं बया! म्हंजी दगडाबाईचा ल्योक व्हय तू? तुजी आई आन माजी आई चुलतबहिणी की! माजा भाऊच लागतोस तू. कवा दारात आला न्हाईस, आन भाच्याला उनात हुबा करतोस व्हय रं?"

यल्लाप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. वीरधवल साहेबांनी वहीत ‘नाते सिद्ध’ असा शेरा मारला.

आता पक्षपात कागदावर आला. मामा चौकशीला पात्र झाले, भाचा फेरतपासणीला पात्र झाला, आणि तपासायला त्रयस्थ माणूस सबंध पंचक्रोशीत नव्हता. बारा वाजून दहा मिनिटं झाली, तेव्हा यल्लाप्पा बिरदेवच्या कानाशी आले. "भाच्या, प्रश्नच मागं घे. प्रश्न न्हाई तर नोंद न्हाई, नोंद न्हाई तर मामा न्हाई."

बिरदेवनं लिहून दिलं: ‘मी कोणताही प्रश्न विचारलेला नाही. मला शंका नाही, पूर्वीही नव्हती, पुढेही येणार नाही.’ सही करताना त्याला स्वतःची लाज वाटली, पण त्यानं सही केली. एक शिक्क्याची प्रत त्याला मिळाली. गाडीची चावी या सगळ्या वेळात गाडीलाच होती.

माधवनगरला पोचले, तेव्हा साडेबाराला पाच मिनिटं कमी होती. लालासाहेब दारातच उभे होते, हातात मोबाइल.

"या, या! आवं, मगाधरनं तुमचाच व्हिडिओ बगतोय. चावीचा अधिकार हाय का म्हणून तोंडावर इचारलंत! लय धाडस लागतंय. तीन ग्रुपवर टाकला मी. अशी माणसं पायजेत समाजात."

तात्यांनी हेल्मेट काढून पटका बांधायला घेतला. "मग बसून बोलूया म्होरलं?"

"बसा की, च्या घ्या. पर समाजात म्हणलं मी, पावणं. घरात न्हाई. आज पोलिसाला इचारत्यात, उद्या मला इचारतील."

बिरदेवनं घाईनं शिक्क्याची प्रत पुढं केली. "तो प्रश्न मी मागं घेतलाय, मामा." सासऱ्यालाही आपल्याकडं मामाच म्हणतात.

लालासाहेबांनी ती दोनदा वाचली. "आन वर शब्दाला पक्कंबी न्हाईत," ते म्हणाले.

"निदान पल्लवीला तरी इचारलं का तुमी?" बिरदेव म्हणाला.

"बगा," लालासाहेब तात्यांकडं वळून म्हणाले, "परत इचारलंच."

तो व्हिडिओ अजून फिरतो आहे. ‘असा नागरिक घराघरात हवा’ असं त्याखाली कुणीतरी लिहिलंय आणि त्यावर चार लाख अंगठे उमटलेत. त्यातला एक तुमचाही असेल. बिरदेव सेलमलाच आहे, निर्व्यसनी आहे, कागदपत्रं सगळी चालू आहेत, आणि त्या चार लाखांतून त्याला एकही स्थळ सांगून आलेलं नाही. तुमच्या घरात आहे का कुणी लग्नाची मुलगी?

नाही? वाटलंच होतं.