हर्षलचा वारा

एके सकाळी माझ्या स्कूटरला लाल मिशा फुटल्या. बोटभर लोकरीचे दोरे, पुढून-मागून चिकटपट्टीने डकवलेले. देवपूरच्या आमच्या गल्लीत असला उद्योग एकच माणूस करू शकतो. वरच्या खोलीतला हर्षल. विमानांचं इंजिनिअरिंग शिकायचा आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी सहा महिने आमच्याकडे राहत होता.

"काका, जरा चाळीसने चालवा. मी मागून बघतो."

"काय बघतोस?"

"वारा. दिसल्याशिवाय कळत नाही."

हे त्याचं पालुपद. माझ्या बायकोच्या अर्धवट स्वेटरची लोकर याच कामी आली. सुट्टीत कामाचा अनुभव घ्यायला एका कारखान्यात गेला, तर पहिल्याच दिवशी साहेबांच्या टेबलफॅनला दोरे लावून बसला. घरी गरम भातावर फुंकर मारायचा आणि वाफ कुठे वळते ते पाहत राहायचा, भात गार. मी चिडायचो, पण तो दोन दिवस नसला की मला करमायचं नाही.

प्रकल्प होता केळीवर औषध फवारणारा ड्रोन. त्याचे वडील, आप्पा, शिरपूरकडचे केळीवाले, पंचक्रोशीत नावाजलेले. मोकळ्या मैदानावर ड्रोन झकास उडाला. मग भाऊबंदांचा विरोध पत्करून आप्पांनी बागेतल्या सहा ओळी पोराला दिल्या. मीही बघायला गेलो.

दहा मिनिटांत पानांच्या चिंध्या झाल्या. वाऱ्याने पान फाटतं म्हणून आप्पांनी बागेभोवती शेवरीच्या झाडांचा आडोसा लावलेला, आणि या पठ्ठ्याने वारा वरून आणला! ड्रोन खाली किती वारा सोडतो याचं गणित त्याने केलं होतं. केळीचं पान किती सोसतं, हे मात्र बापाला विचारलं नव्हतं.

"बठ्ठा पानं फाटी ग्यात ना भो!" एक भाऊबंद ओरडला.

आप्पा शांतपणे म्हणाले, "यंत्र चांगलं शे. मन्ही केळच यंदा हलकी व्हती."

ज्या माणसाने जन्मात आपल्या केळीला कुणाला नावं ठेवू दिली नाहीत, त्याने भर बागेत स्वतःच ठेवली. हर्षल खाली बघत उभा राहिला. गावात मात्र तेच पसरलं, आप्पांची केळी आता पहिल्यासारखी राहिली नाही.

कॉलेजातले सर फोनवर म्हणाले, मैदानावरचेच आकडे दे, पास होशील. याने चुकीसकट सगळा अहवाल पाठवला.

"नापास केलं तर?" मी विचारलं.

"वर्ष जाईल," म्हणाला. मग जरा थांबून, "काका, उद्या गावी येता? एकट्याने जायचा धीर होत नाही."

सकाळी केळीवाले खताच्या दुकानापाशी जमतात. हर्षलने सर्वांसमोर दुकानाच्या भिंतीवर हाताने लिहिलेला कागद चिकटवला. अहवालासारखाच कोरडा. 'केळी उत्तम होती. पानं माझ्या यंत्राच्या वाऱ्याने फाटली. मी आप्पांना आधी विचारायला हवं होतं.' खाली पूर्ण नाव आणि सही.

बोलणारे कागदाभोवती जमून वाचू लागले. गर्दीत मागे आप्पा होते. ते पुढे आले, त्यांनी सावकाश सगळं वाचलं.

"कसाले लिखं रे?" म्हणाले, आणि कागद फाडायला हात घातला.

हर्षलने तो हात धरला. मग बराच वेळ सोडला नाही.