बन्सीशेठची रंगाची पुडी

बन्सीशेठ तुमच्या घरी आले आणि चहा अर्धा झाल्यावर त्यांनी "बुरा मानू नका, पण बाथरूम कुठंय?" असं विचारलं, तर त्यांना घाईची लागली आहे असं समजू नका. ते आत जातात, कडी लावतात, खिशातून रंगाची पुडी काढून संडासात रिकामी करतात, वर दोन बादल्या पाणी ओततात आणि काहीच न घडल्यासारखे येऊन उरलेला चहा संपवतात. त्याच वेळी तुमच्या घरामागच्या ओढ्यावर त्यांचा एक माणूस पाइपांकडे डोळे लावून उभा असतो. एखाद्या पाइपातून रंगीत पाणी आलं की त्याने फोन करायचा. तो माणूस म्हणजे मी.

परतूरच्या बाजारात बन्सीशेठचं रंगाचं दुकान आहे. पोळ्याला बैलांच्या शिंगांचा रंग, रंगपंचमीचा रंग, हलवायाला जिलबी-बर्फीचे खायचे रंग, सगळं तिथं मिळतं. ओढ्याच्या कामाला मात्र फक्त हे खायचे रंग. "मेंढरं पेतेत सर ते पाणी," असं ते मला बजावून सांगतात. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून सर.

ही मेंढरं भागाबाईची. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याचा एक डोह आहे, तिथं ती कळप पाण्यावर आणते. ती एकदा मेंढरांच्या पाठीवर खूण करायला रंग घ्यायला दुकानात आली आणि सहज म्हणाली, की आताशा जनावर डोहाला तोंड लावत नाही, पाण्याला संडासाचा वास येतो. घाण कोणाच्या घरची, असं शेठनी विचारलं. ती म्हणाली, पाण्यावर काय खूण असती का? बन्सीशेठ तिला सुटे पैसे द्यायचे विसरले आणि संध्याकाळपर्यंत आपल्या रंगाच्या डब्यांकडे बघत बसले. दुसऱ्या दिवसापासून पुड्या सुरू झाल्या.

प्रत्येक घराला वेगळा रंग. त्यामुळे बन्सीशेठना आता माणसं नावाने आठवतच नाहीत. "ते केशरीवाले भेटल्ते बाजारात," असं म्हणतात. एकदा ओढ्याला पिवळंधमक पाणी आलं. पिवळी पुडी तर कुठं टाकलेली नव्हती, तरी माग काढत शेठ थेट एका मांडवात घुसले आणि नवरीच्या बापाला संडासाचा पाइप कुठं सोडलाय म्हणून विचारू लागले. हळद लागलेली नवरी तेवढ्यात न्हाऊन उठली होती. शेठ ओशाळले, पण जेवून आले आणि येताना मोरीचा पाइपही बघून आले.

रंग सापडला तरी ते कधी तक्रार करत नाहीत. नगरपरिषदेत जात नाहीत, भांडत नाहीत. दर रविवारी त्या घरी जाऊन बसतात. चहा पितात, पोरांचे मार्क विचारतात, कपाशीचा भाव सांगतात आणि उठताना म्हणतात, "मंग, शोषखड्डा कधी? जल्दी करा, पाणी थांबत न्हाई." पाचसहा रविवार हे सोसल्यावर माणूस आपण होऊन गवंडी बोलावतो आणि घाण पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा करून घेतो. मी त्यांच्यासोबत लागलो तो निव्वळ कुतूहलापोटी. या माणसाला यातून मिळतं काय? निवडणूक लढवायची नाही, फोटो काढू देत नाहीत. इतक्या घरांचा चहा पोटात घ्यायची हौस कुणाला असेल?

असं करता करता सगळे पाइप बंद झाले. एकच राहिला, वळणावरचा. तो कोणाचा, हे कळायला पुडीची गरज नव्हती. ते घर बन्सीशेठच्या धाकट्या भावाचं, गोपाळशेठचं. दोघंही जन्मले त्याच घरात. पण गोपाळशेठनी मुलीच्या लग्नाची पत्रिका भावाकडे नोकराच्या हातून पाठवली, स्वतः गेले नाहीत. ज्या पुतणीला खांद्यावर बसवून बाजार दाखवला, तिच्या लग्नाला बन्सीशेठ गेले नाहीत. तेव्हापासून अबोला. समोरासमोर आले की एक जण आभाळाकडे बघतो आणि दुसरा चपलेकडे. त्या पाइपाचा विषय काढला की शेठ दुकानातले डबे पुसायला घेत.

उन्हाळ्यात ओढा आटला आणि डोहात फक्त त्या एका पाइपाचं पाणी साचू लागलं. भागाबाई दुकानात आली.

"शेठ, समद्या गावाला रंग लावला," ती म्हणाली. "मंग ह्यो एक पाइप कामून सोडला? माझी मेंढरं तहानेली मरून राह्यली."

 बन्सीशेठनी हिरवी पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "सर, तुम्हीच जाऊन या."

मी गेलो. गोपाळशेठनी चहा दिला. अर्धा कप झाल्यावर मी बाथरूम कुठंय म्हणून विचारलं, तर त्यांनी शांतपणे हात पुढे केला.

"पुडी द्या इकडं. पाइप माझाच हाय." त्यांनी अंगणात बोट दाखवलं. तिथं विटा रचलेल्या होत्या, त्यांच्या फटींत गवत उगवून वाळूनही गेलं होतं. "शोषखड्ड्याच्या विटा हायेत. कवाच आणल्यात. पण खड्डा केला तर थोरले भाईजी कशाला येतील? समद्या गावात चहा पेऊन राह्यले. म्हणलं, माझा एकट्याचाच पाइप राहू द्यावा, एक ना एक दिवस तरी येतील."

मी पुडी खिशातून काढून कपाशेजारी ठेवली.

"पत्रिका नोकराच्या हाती धाडली, ती माझी चूक," ते म्हणाले. "पण त्यांनी तरी आज काय केलं? पुडी तुमच्या हाती धाडली."

मी पुडी परत आणली आणि हे सगळं शब्दाला शब्द सांगितलं. बन्सीशेठनी पुडीचा दोरा सोडला, पुन्हा बांधला. मग भर बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून निघाले. मी नेहमीप्रमाणे पाइपासमोर जाऊन उभा राहिलो. भागाबाईही मेंढरं बाजूला बसवून थांबली.

खूप वेळ झाला. हिरवं पाणी काही येईना. मला काळजी वाटू लागली, म्हणून आम्ही दोघं वर गेलो.

दोघं भाऊ अंगणात विटांवर बसले होते. हिरवी पुडी बशीशेजारी तशीच बांधलेली. गोपाळशेठच्या बायकोने, वहिनींनी, मला हळूच सांगितलं, की भाईजी दारात बराच वेळ उभे राहिले आणि मग विचारते झाले, "बुरा मानू नका, पण बाथरूम कुठंय?" ज्या घरात जन्मले, त्या घरात. गोपाळशेठ न हसता म्हणाले, "आधी चहा घ्या, मंग दाखवतो." हे सांगताना वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. या एका घरचा चहा तुटला, म्हणून इतकी वर्षं हा माणूस गावभर चहा पीत हिंडला, हे मला तिथं कळलं.

गोपाळशेठ फोनवर गवंड्याला उद्याच ये म्हणून सांगत होते. बन्सीशेठनी त्यांचा हात धरला.

"जल्दी काय हाय? सावकाश होऊ दे. मी रोज येऊन बघत जाईन."

बन्सीशेठच्या तोंडून सावकाश हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. माझ्यामागून भागाबाई म्हणाली, "शेठ, मेंढरांना जल्दी हाय."

दोघं भाऊ एकदम हसले. हसताना ते अगदी सारखे दिसले. गोपाळशेठनी गवंड्याला उद्याचीच वेळ दिली.

"मंग मी बी उद्या सकाळीच येतो," बन्सीशेठ म्हणाले. "चहा इथंच घेईन."