कृष्णोजीरावांचा बोलका तुकडा

कृष्णोजीराव कुणाच्याही घरी जाताना स्वतःचा कप, स्वतःचं पाणी आणि बसायला घडीचं स्टूल घेऊन जातात. हिनकल गावात त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये छातीएवढी एक भिंत आहे. तिच्यावरून हाक मारली तरी पाणी मिळेल, पण नाही. एका लग्नात ते सगळ्यांबरोबर खुर्चीवर न बसता आपल्या स्टुलावर बसले आणि फोटोत त्यांचं नुसतं कपाळ आलं. विचारलं तर म्हणाले, "आपलं आपल्याबरोबर. दुसऱ्याच्या घराला त्रास नको. अष्टे!"

अष्टे म्हणजे एवढंच. ते म्हटलं की भावजींच्या, म्हणजे कृष्णोजीरावांच्या, लेखी विषय संपला. आता कप ते आणतात हे खरं, पण त्यात ओतायला चहा आमचाच लागतो. त्याबद्दल ते काही बोलत नाहीत आणि मीही नाही.

हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात ते कॉम्प्युटरचं काम बघत. हौसेनं त्यांनी घरी एक बोलणारा प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावरचं बटण दाबलं की आधी भरून ठेवलेल्या आवाजात तो एखादं वाक्य बोलायचा. निवृत्त झाल्यावर तो त्यांनी बऱ्याच जणांना दाखवला. बरेच जण घाईत होते.

मग त्यांच्या बायकोला, गिरिजाक्कांना, अर्धांगाचा झटका आला. समजतं सगळं, डावा हातही चालतो, पण वाचा गेली. उपचारांसाठी त्यांना बेंगळूरला मुलीकडे न्यायचं ठरलं. तिथे त्यांना तहान लागली, पाठ दुखली, तर सांगणार कसं?

मुलगी म्हणाली, "अप्पा, मोबाईलवर ॲप मिळतं की."

"ऐकलंय मी. अम्मा पाणी मागणार ते रेल्वे स्टेशनवरच्या बाईसारखं?"

म्हणून जुना प्रोग्रॅम बाहेर निघाला, आणि आवाजासाठी मला बोलावणं आलं. "तुमची बोली तिच्यासारखीच आहे," भावजी म्हणाले. चार माणसांत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. पण पलीकडे अक्का बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मी 'पाणी द्या', 'पाठ दुखते', 'खिडकी उघडा' असं सगळं बोलून दिलं.

आता अडचण पुढेच होती. जावयाच्या घरी कॉम्प्युटर एकच, तोही त्याच्या कंपनीचा. मला समजलं ते असं, की बोलण्याचं काम करणारा तुकडा मुख्य प्रोग्रॅमपासून वेगळा असतो आणि त्याचं नाव कॉम्प्युटरच्या मोठ्या रजिस्टरात नोंदवावं लागतं. कंपनीच्या कॉम्प्युटरात अशी नोंद करायची कुणाला परवानगी नाही. भावजींना उलट आनंदच झाला. "नोंद कशाला? एका पेटीत सगळं ठेवायचं. मुख्य प्रोग्रॅम, शेजारी तुकडा, आणि एक चिठ्ठी, की बाबा, तुकडा इथंच आहे, बाहेर विचारू नकोस. आपलं आपल्याबरोबर!"

त्यांच्या घरी पेटी पहिल्या फटक्यात बोलली. परक्या घरात खात्री करावी म्हणून ते स्टूल घेऊन आमच्याकडे आले आणि सुनेच्या कॉम्प्युटरला पेटीचा पेन ड्राइव्ह लावला. बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, की तुकड्याची नोंद नाही.

"तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय," भावजी म्हणाले.

"सून रोज काम करते त्याच्यावर," आमचे हे म्हणाले.

"मग ती काहीतरी करून ठेवते."

सुनेचं नाव निघाल्यावर मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर बराच वेळ टकटक चालू होती. शेवटी भावजींना शंका आली म्हणून ते घरी जाऊन रजिस्टर बघून आले, आणि स्टुलावर बसले ते मान खाली घालून. त्यांच्या कॉम्प्युटरात तुकड्याची जुनी नोंद कधीपासून पडून होती. घरी चिठ्ठी कुणी वाचलीच नव्हती. सगळा कारभार नोंदीवर चालला होता.

"म्हणजे कप आपला, चहा दुसऱ्याचा," आमचे हे म्हणाले. मी डोळे वटारले, पण तोवर बोलून झालं होतं.

चिठ्ठी तपासली तर तुकड्याचा लांबलचक ओळख-क्रमांक एका ठिकाणी चुकला होता. तो सुधारला. तरी पेटी मुकीच. पुन्हा चिठ्ठी लिहिली, पुन्हा मुकी. मुलगी दुसऱ्या दिवशी अक्कांना न्यायला येणार होती. भावजींनी कप बाजूला ठेवून पाणी आमच्या तांब्यातून घेतलं, यावरून मला त्यांची काळजी कळली.

कारण सापडलं ते हास्यास्पद होतं. कॉम्प्युटर एकदा चिठ्ठी वाचतो आणि लक्षात ठेवतो. मुख्य प्रोग्रॅम तोच दिसला की नवी चिठ्ठी उघडूनसुद्धा बघत नाही, जुनंच धरून बसतो. आमच्याकडे असं एक माणूस आहे, म्हणून मला ते लगेच पटलं. भावजींनी मुख्य प्रोग्रॅम नव्यानं बांधून आणला, बटण दाबलं, आणि सुनेच्या कॉम्प्युटरातून मी स्वच्छ म्हणाले, "पाणी द्या."

"आयतु!" भावजी ओरडले. झालं एकदाचं!

सगळं आवरून ते उठले आणि दारातून परत आले. "एक बटण रिकामं राहिलंय. बरं दिसत नाही. एवढंच बोला, 'अहो, या ना इकडे.'"

परक्या पुरुषाला अहो म्हणता येतं, कोण नाही म्हणतं? पण हे अहो तसलं नव्हतं. हे घरातलं होतं.

"म्हण की," आमचे हे म्हणाले. "मला म्हणतेस तसं म्हण."

"तुम्हाला 'या' कधी म्हणू? तुम्ही असता कुठे दुसरीकडे?"

शेवटी ह्यांच्याकडे बघत बोलले. भावजी तेवढा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

अक्का गेल्या. मुलीनं वडिलांनाही चला म्हटलं होतं. "जावयाच्या घरी बोलावल्याशिवाय जाऊ नये," ते म्हणाले.

"मी बोलावतेय ना, अप्पा?"

"तुझं बोलावणं वेगळं."

मग रोज सकाळी भिंतीपलीकडून फोनचा स्पीकर लावून चाचणी सुरू झाली. "अम्माला एकेक बटण दाबायला सांग." माझा आवाज बेंगळूरहून पाणी मागायचा, पाठ दुखते म्हणायचा. भावजी प्रत्येकाला "बरं, पुढचं" म्हणायचे. शेवटच्या बटणापाशी शांतता.

"अप्पा, ते चालत नाही काय? अम्मा हातच लावत नाही."

"चालतं ते. मी तपासलंय."

फोन ठेवून ते एकदा मला म्हणाले, "तुकड्यात दोष नाही. चिठ्ठीतही नाही." मी हातातला कपडा पुन्हा पिळला. तो आधीच पिळलेला होता.

परवा दुपारी मी वाळवण काढत होते. चाचणीची वेळ नव्हती आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो नेहमीसारखा स्पीकरवर उचलला, आणि भिंतीच्या अलीकडे मला माझाच आवाज ऐकू आला, "अहो, या ना इकडे."

मग भावजी म्हणाले, "नीट ऐकू आलं नाही. परत दाब."

मला तर अलीकडे स्पष्ट ऐकू आलं होतं.

"अहो, या ना इकडे."

"परत एकदा," ते म्हणाले. "रेंज नाही इथे."