शेटचा जीव आणि कॅप्टनचा बनियन

"चुन, अगं तुफानात अडकलेली जहाजं ओढून बंदरात आणलीत मी! हा वीतभर सरडा मला काय जड आहे? तू खुशाल जा!"

कीलुंग बंदरात जन्मभर टगबोट चालवून निवृत्त झालेल्या कॅप्टन लियेन यांनी ओसाकाला नोकरीसाठी निघालेल्या लेकीला, पेई-चुनला, हे छाती ठोकून सांगितलं. तो सरडा तिचा. रंग बदलणारा, हिरवागार, डोक्यावर तुरा. तिनं त्याचं नाव ठेवलं होतं शेट. नाव अगदी शोभत होतं! दिवसभर फांदीवर बसायचं, काडीचं काम करायचं नाही, आणि एक डोळा दुकानावर तर दुसरा नोकरावर. घरात नोकर एकच, कॅप्टन.

बायको गेल्यापासून बापलेकीचं बोलणं बेताचंच होतं. "जेवलीस?" "जेवले." संपलं! पण शेट कॅप्टनकडे राहायला आला आणि रोज संध्याकाळी ओसाकाहून व्हिडिओ फोन सुरू झाला. "बाबा, शेट दाखवा." कॅप्टन हाताला रग लागेपर्यंत फोन पिंजऱ्यासमोर धरून उभे राहायचे आणि मागून तोंडाचा पट्टा चालू. शेटनं टोळ कसा गट्टम केला, शेट कुणावर डाफरला. मग हळूच तिच्या ऑफिसचं, तिच्या सर्दीचं. शेट होता म्हणून लेकीचा आवाज कानावर पडत होता. कॅप्टनचा सगळा जीव त्या अर्ध्या तासात होता.

अशात हिवाळा आला. कीलुंगचा हिवाळा म्हणजे पावसाची पिरपिर आणि हाडात शिरणारी ओल. कॅप्टननी पिंजऱ्याला आपला जुना बोटीवरचा रेनकोट घातला, खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबले. वारा म्हणून आत येता कामा नये! आणि आला नाही हो. भिंतींना घाम फुटला, पण वारा आला नाही.

मग एके दिवशी देवळाची मिरवणूक गल्लीतून गेली. ही फटाक्यांची माळ! दुसऱ्या दिवशी पाहतात तर शेटचा रंग उडालेला. भरदिवसा डोळे मिटलेले, हनुवटी छताकडे, तोंड उघडं, आणि श्वासागणिक टक् टक् आवाज. समोरचा टोळ आरामात फिरतोय!

"घाबरलाय तो!" शेजारच्या आ-श्याबाईंनी एका नजरेत निकाल दिला. गल्लीतलं कुठलंही पोर दचकून रडायला लागलं की आ-श्याबाईंकडे नेतात. पोराच्या अंगावरच्या कपड्यात तांदळाची वाटी बांधायची, उदबत्ती ओवाळायची, भिऊन पळालेल्या जिवाला नावानं हाक मारून घरी बोलवायचं, मग घाबरवलं कुणी ते तांदळात बघायचं. "आणा त्याचा कपडा."

"सरड्याला कसला कपडा, आ-श्या?"

"अंगावरचं काहीतरी लागतंच, कॅप्टन! नाहीतर जीव आपलं अंग ओळखणार कसा?"

कॅप्टननी डोकं खाजवलं. आणि एकदम उजळले. कात! शेटनं नुकतीच कात टाकली होती! दोघंही चष्मे लावून, चिमटा घेऊन पिंजऱ्याच्या तळाशी वाकले.

"ही कोपराची."

"कोपर कसलं? शेपूट आहे ते."

"बाई, मी ह्याला रोज बघतो!"

कातीचे तुकडे वाटीवर चिकटले. आता उदबत्ती. "पोरांना तीन लावते मी. पण ह्याचं मूळ गाव कुठलं?"

"येमेन. अरबस्तान."

"अग्गबाई! जीव तिकडे पळाला असला तर काय हो? मूठभर लावू!"

बंद खोलीत मूठभर उदबत्त्या. समोरचं माणूस दिसेना! आ-श्याबाईंनी हाक घातली, "शेट, घरी ये." कॅप्टनना ती हाक येमेनपर्यंत पोचेलसं वाटेना. त्यांनी भोंग्यासारखा आवाज लावला, "शेऽऽट! घरी ये!" खालच्या मजल्यावरून कुणीतरी छत ठोकलं.

आ-श्याबाईंनी वाटी उघडून तांदूळ निरखले. "ह्याला घाबरवणारा दिसतोय. आडदांड आहे. करड्या मिशांचा. फार ओरडतो..."

"माझ्याकडे काय बघतेस?"

तेवढ्यात शेटच्या नाकाशी एक बुडबुडा आला आणि तो फांदीवरून घसरला. कॅप्टननी त्याला वरच्या वर झेलला. तळहातावर त्याचं वजन लागेना. 

"आ-श्या, हे भीतीचं नाही गं. डॉक्टर गाठायला हवा."

"चुनला कळवू?"

"खबरदार! शेटचं नाव तुझ्या तोंडून निघता कामा नये. शपथ घे!"

आ-श्याबाईंनी सागरमातेची शपथ घेतली आणि गल्लीच्या ग्रुपवर कुणाची गाडी मिळते का विचारलं. कॅप्टननी अंगातला बनियन काढला, शेटला त्यात गुंडाळला आणि उघड्या अंगावर कोट चढवून निघाले.

सरड्या-कासवांच्या डॉक्टर याओबाईंनी शेटला तपासलं. "फुप्फुसाला संसर्ग झालाय. घर दमट आहे का? कोंदट? आणि हा धुराचा वास कसला?"

कॅप्टननी आ-श्याबाईंकडे पाहिलं. आ-श्याबाईंनी छताकडे.

"थोडीशी उदबत्ती..." त्या म्हणाल्या.

"थोडीशी म्हणजे?"

"मूठभर!"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हेच कॅप्टनना जास्त लागलं. "काका, ह्याला ऊब हवी तशी मोकळी हवाही हवी. तुम्ही मायेनं हवाच कोंडलीत." मग त्यांनी सुई काढली. कॅप्टननी डोळे गच्च मिटले आणि आ-श्याबाईंचं मनगट असं आवळलं की ओरडल्या त्या! शेट गप्प होता.

"वाचेल ना हो?"

"रोज सुई, डब्यात औषधाची वाफ, थेंबाथेंबानं पाणी. डोळे उघडून मान सरळ धरली की समजा बरं वाटतंय."

घरी आल्याबरोबर रेनकोट गेला, टॉवेल गेले, खिडकी उघडली. शेटला उबेच्या दिव्याजवळ, बनियनच्या घडीवर ठेवलं. आता तो दचकायला नको, म्हणून कॅप्टननी फोन आवाज बंद करून उशीखाली सारला आणि एकदम आठवलं, संध्याकाळ! चुनचा फोन! काय दाखवायचं तिला? पण फोन काही वाजला नाही. वाजणार कसा? आपणच गळा दाबलाय, हे गडी साफ विसरला होता. आधी त्यांना हायसं वाटलं. मग वाटलं, तिला कळलं. पोर रुसली. आता कशाला करील फोन?

सकाळी ते शेटला बनियनसकट डब्यात ठेवून वाफ देत बसले होते, तर दार धाडकन उघडलं. दारात पेई-चुन! हातात बॅग, केस ओले, डोळे सुजलेले.

"बाबा! उठलात कशाला? आडवे व्हा आधी!"

"मला काय धाड भरलीय?"

तिनं मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. गल्लीच्या ग्रुपवरचा आ-श्याबाईंचा निरोप! 'कॅप्टनच्या घरी मोठं आजारपण. अन्न सुटलंय, तोंडानं श्वास चाललाय, रंग पार उडालाय, डोळे उघडत नाही. कुणाची गाडी आहे का? नाव घ्यायचं नाही अशी शपथ आहे, म्हणून घेत नाही.'

"तुम्ही फोन उचलत नाही! काकूंना केला तर त्या नुसत्या रडतायत. 'शपथ आहे गं चुन, शपथ आहे!' मी काय समजायचं?"

कॅप्टननी मान खाली घातली. "चुन, चुकलो मी. शेट आजारी पडला माझ्यामुळे. आता तू कशाला फोन करशील?"

"म्हणजे?"

"रोज त्याला बघायलाच करायचीस ना?"

पेई-चुन तिथंच, बॅगेवरच बसली.

"अहो बाबा, शेटला ठेवून घ्यायला माझी मैत्रीण एका पायावर तयार होती. मी मुद्दाम तुमच्याकडे ठेवला. नुसतं 'बाबा, तुम्हाला बघायचंय' म्हणून फोन केला असता, तर काय केलं असतं तुम्ही? 'जेवलीस?' विचारून ठेवून दिला असता!"

कॅप्टननी मिशी चाचपली, नाक ओढलं. "कालच्या धुरानं डोळे चुरचुरतायत," ते म्हणाले. खिडकी कालपासून सताड उघडी होती.

तेवढ्यात डब्यात हालचाल झाली. शेटनं मान खाली घेतली आणि डोळे उघडले. एक डोळा कॅप्टनवर, एक चुनवर. चुननं पिचकारीनं पाण्याचा थेंब धरला, तो त्यानं चाटला. कॅप्टन श्वास रोखून बघत होते.

इतक्यात आ-श्याबाई तांदळाची वाटी घेऊन हजर! "चुन, आलीस का गं? मी कुणाचं नाव घेतलं नाही हं! आणि कॅप्टन, काल केवढे घाबरलात तुम्ही! माझं मनगट अजून सुजलंय. तुमचाही जीव ठिकाणावर नाही. आणा तो बनियन."

"काकू, उदबत्ती मात्र नको!" चुन म्हणाली.

"नाही गं बाई, नुसती हाक मारते. आणा, कॅप्टन."

कॅप्टननी डब्यात पाहिलं. बनियनच्या घडीवर शेट पाय पसरून मजेत पडला होता.

"राहू दे, आ-श्या," ते हळूच म्हणाले. "शेट उठेपर्यंत माझा जीव बाहेरच राहू दे."